एपिफोनची ‘ल्युसिल’ : नाव घेऊनच घरी येणारी गिटार

बहुतेक गिटारींच्या डोक्यावर फक्त कंपनीचं नाव असतं. या गिटारीच्या हेडस्टॉकवर एपिफोनच्या नावाबरोबर एका बाईचं नाव चकाकत्या अक्षरांत लिहिलेलं आहे : ल्युसिल. हे बी. बी. किंग यांच्या गिटारीचं नाव. किंग म्हणजे ब्ल्यूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचे नामवंत गायक आणि गिटारवादक. गिब्सन कंपनीने १९८० मध्ये त्यांच्या सल्ल्याने ल्युसिल नावाचं मॉडेल बाजारात आणलं आणि पुढे गिब्सनच्याच घरातल्या एपिफोनने त्याची त्यामानाने परवडणारी आवृत्ती काढली. मी वाजवते ती ही दुसरी.

मी कल्याणला गिटार शिकवते. गणपती, नवरात्र आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात लीड वाजवते. म्हणजे ही गिटार माझ्याकडे शोभेला नाही. तिने मांडवातला दमट उकाडा सोसलाय, टेम्पोतून प्रवास केलाय, क्लासमध्ये दहा जणांच्या हातांतून फिरली आहे. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजते.

या गिटारीबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात नावाची गोष्ट दोन ओळींत उरकतात आणि मग लाकूड, तारांचा आवाज पकडणारे पिकअप, किंमत. माझं म्हणणं उलटं आहे. नावाची गोष्ट नीट कळली नाही तर ही गिटार अशी का बनवली आहे तेच कळत नाही. म्हणून आधी ती.

१९४९ चा हिवाळा. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात ट्विस्ट नावाचं छोटं गाव. तिथल्या नाचाच्या हॉलमध्ये विशीतले रायली किंग वाजवायला आले होते. ‘बी. बी.’ हे मेम्फिसच्या रेडिओवर मिळालेलं नाव, ‘ब्ल्यूज बॉय’चं लघुरूप. हॉल गरम राहावा म्हणून मध्यभागी एका पिंपात रॉकेल पेटवून ठेवलं होतं. थंडीच्या दिवसांत तिकडे ही नेहमीची सोय. नाच रंगात असताना दोन पुरुषांची जुंपली, धक्काबुक्कीत पिंप कलंडलं, रॉकेल जमिनीवर पसरलं आणि लाकडी हॉल पेटला. सगळे बाहेर धावले, किंगही धावले. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गिटार आतच राहिली. जेमतेम तीस डॉलरची गिटार. पण कापसाच्या मळ्यात राबून वर आलेल्या त्या पोराजवळ कमाईचं साधन म्हणून तेवढंच होतं. ते परत आगीत शिरले आणि गिटार घेऊन बाहेर आले. त्या आगीत दोन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी कळलं की ज्या बाईवरून भांडण पेटलं ती त्याच हॉलमध्ये कामाला होती आणि तिचं नाव ल्युसिल. किंगनी गिटारीला तेच नाव दिलं. बाईवरून मारामारी करायची नाही आणि जळत्या घरात पुन्हा शिरायचं नाही, याची स्वतःला आठवण राहावी म्हणून.

ही गोष्ट ते जन्मभर सांगत राहिले. १९६८ च्या त्यांच्या अल्बमचं नावच ‘ल्युसिल’ आहे, आणि त्याच नावाच्या पहिल्या गाण्यात ते गिटारीच्या सुरांवर, गप्पा मारल्यासारखे, दहाएक मिनिटं हेच सांगतात. ऐकताना माझ्या मनात दर वेळी एक गोष्ट येते. या सगळ्या कहाणीत ती बाई एक शब्दही बोलत नाही. तिचा आवाज कुणी नोंदवून ठेवला नाही, पण तिच्या नावाने बोलणाऱ्या तारा साठ-पासष्ट वर्षं जगभर ऐकल्या गेल्या.

आता खरा मुद्दा. आगीतून वाचवलेली ती गिटार म्हणजे ल्युसिल, आणि ती गेली की नाव संपलं, असं झालं नाही. किंगच्या हातात पुढे जी जी मुख्य गिटार आली ती ल्युसिल झाली. २००५ मध्ये त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त गिब्सनने खास गिटारी काढल्या, त्यातली पहिली नमुन्याची त्यांना भेट दिली. तीही ल्युसिल. २००९ मध्ये ती चोरीला गेली. लास व्हेगासमधल्या एका गहाणवटीच्या दुकानातून ती एका गिटारवेड्या गृहस्थाने विकत घेतली. हेडस्टॉकच्या मागे ‘प्रोटोटाइप १’ असं कोरलेलं होतं. त्याने गिब्सनकडे चौकशी केली, खरा प्रकार कळला आणि त्याने ती किंगना परत नेऊन दिली. किंगनी त्याला सही केलेली दुसरी ल्युसिल दिली. किंग २०१५ मध्ये गेले. २०१९ च्या लिलावात तीच वाढदिवसाची गिटार २ लाख ८० हजार डॉलरला विकली गेली.

याच्या अगदी उलट उदाहरण विली नेल्सन यांचं. त्यांनी १९६९ मध्ये साडेसातशे डॉलरला मार्टिन कंपनीची नायलॉन तारांची गिटार घेतली आणि पडद्यावरचा काउबॉय रॉय रॉजर्स याच्या घोड्यावरून तिला ‘ट्रिगर’ म्हणायला सुरुवात केली. आजही ते तीच वाजवतात. वाजवून वाजवून पुढच्या फळीला भोक पडलंय, तरी तीच. घराला आग लागली तेव्हा नेल्सनही आत शिरून ट्रिगर घेऊन आले होते. चेलोवादक यो-यो मा यांच्या १७३३ सालच्या व्हेनिसच्या चेलोला ‘पेट्युनिया’ हे नाव एका विद्यार्थिनीने सुचवलेलं. तो १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीत विसरला, तर पोलिसांनी त्याच दिवशी शोधून दिला. तिथे नाव त्या एका लाकडाला चिकटलेलं आहे. दुसरी ट्रिगर असू शकत नाही. ल्युसिल हे नाव मात्र लाकडाला नाही, आवाजाला दिलेलं आहे. म्हणूनच ते कारखान्यात बनलेल्या गिटारीवर लिहिता येतं आणि मला ते खोटं वाटत नाही.

आपल्याकडे वाद्याला असं घरगुती नाव देण्याची रीत फारशी दिसत नाही. बैलांना सर्जा-राजा म्हणतो, पण पेटीला, तंबोऱ्याला कुणी हाक मारत नाही. माझे वडील ऑर्केस्ट्रात पेटी वाजवायचे. खंडेनवमीला ती पाटावर ठेवून झेंडूचा हार घालायचे आणि चुकून पाय लागला तर आम्हाला लगेच नमस्कार करायला लावायचे. वाद्य म्हणजे सरस्वती, आणि सरस्वतीला लाडाचं नाव कोण ठेवणार, असं त्यामागे असावं असं मला वाटतं. अपवाद आहेत. कोलकात्याचे पंडित देबाशिष भट्टाचार्य यांनी स्वतः घडवलेल्या स्लाइड गिटारींना चतुरंगी, गांधर्वी, आनंदी अशी नावं दिली. आनंदी हे त्यांच्या मुलीचंही नाव. मला दोन्ही भावना पटतात. माझ्या ल्युसिललाही दसऱ्याच्या आदल्या दिवशी हार घालते आणि हाक मारायची झाली तर ल्युसिल म्हणूनच मारते. दुसरं नाव ठेवायचा विचार कधी मनात आला नाही. ते नाव तिने कमावलेलं आहे.

आता गिटारीकडे. आकार गिब्सनच्या ईएस-३५५ चा. रुंद, पातळ, दोन शिंगांची. पूर्ण पोकळ नाही. मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळ कप्पे. अंग मेपलचं, मान मेपलची. मानेवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, २२. काळी कुळकुळीत, कडेला पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, खुंट्या आणि तारा जिथे टेकतात तो ब्रिज सोनेरी. स्टेजवर दिव्यांत अशी दिसते की निवेदक तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

या आकाराच्या इतर गिटारींना पुढच्या फळीवर व्हायोलिनसारख्या दोन चिरा असतात. हिला नाहीत. इथे नावाची गोष्ट आणि घडण एकत्र येतात. किंग मोठ्या आवाजात वाजवायचे आणि पोकळ अंगाच्या गिटारीला तिथेच त्रास होतो. अ‍ॅम्पचा, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा, आवाज फळीला आणि आतल्या हवेला हलवतो, त्याने तार हलते, ती पुन्हा अ‍ॅम्पमधून येते, आणि मग शिट्टी सुरू. किंग त्या चिरांमध्ये फडकी, टॉवेल कोंबायचे. १९८० मध्ये त्यांचं मॉडेल बनवताना गिब्सनने त्या चिराच काढून टाकल्या. ज्याने १९५६ या एका वर्षात ३४२ कार्यक्रम केले, त्या माणसाच्या रोजच्या अडचणीतून झालेला बदल आहे हा.

गणपतीच्या मांडवात हा बदल मला किती उपयोगी पडतो ते तिथे वाजवणाऱ्यालाच कळेल. स्टेज लहान, मागे ऑक्टोपॅड, पायाशी मॉनिटर आपल्याच तोंडावर, बाजूला गायिकेचा माइक, आणि साउंडवाल्याला एकच दिशा ठाऊक, वर. अशा ठिकाणी चिरांची पोकळ गिटार घेऊन उभं राहणं म्हणजे सतत आवाजाच्या खटक्यावर बोट ठेवून वाजवणं. ल्युसिल तिथे शांत राहते. अगदी अ‍ॅम्पला चिकटून उभं राहिलं तर तीही गुणगुणायला लागते, पण ते गुणगुणणं सुरात असतं, आणि लांबवलेल्या सुराला त्याचा आधारच होतो.

आवाज गोल आहे. मानेजवळच्या पिकअपवर जाड, ऊबदार. ब्रिजजवळच्यावर धार येते पण टोचत नाही. दोन्ही एकत्र ठेवले की जो बोलका, थोडा नाकातला आवाज निघतो तो माझा सगळ्यात आवडता. सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांत ओळींच्या मध्ये गिटारच्या ज्या जागा येतात, त्या या आवाजात भरल्या की गायकसुद्धा वळून बघतो. कर्कश, दातओठ खाऊन वाजवायच्या संगीतासाठी मात्र ही गिटार घेऊ नका. ते तिचं क्षेत्रच नाही.

सहा ठिकाणी फिरणारं एक बटण आहे, व्हेरिटोन नावाचं. पहिल्या जागी ते काहीच करत नाही. पुढच्या प्रत्येक जागी आवाजाचा मधला एकेक पट्टा कापला जातो, आणि जसजसं पुढे जावं तसतसा आवाज हलका, पोकळ होत जातो. दुसरी आणि तिसरी जागा मी वापरते, तालाचे पातळ ठोके वाजवताना. शेवटच्या दोन जागा मला निरुपयोगी वाटतात. त्यात गिटारीचा आत्माच निघून जातो. ज्यांना बटणांशी खेळायला आवडतं त्यांना कदाचित पटणार नाही, पण हे बटण नसतं तरी ही गिटार तितकीच चांगली असती. आउटपुट दोन आहेत, एक स्टिरिओचं. दोन अ‍ॅम्पना दोन पिकअप वेगवेगळे पाठवता येतात. घरी करून बघायला मजेशीर, कार्यक्रमात कुणी दुसरा अ‍ॅम्प देत नाही.

खरी कौतुकाची गोष्ट तारा जिथे अडकवतात ती पट्टी. तिथे प्रत्येक तारेला एक बारीक चक्री आहे. उजव्या हाताच्या बोटाने, वाजवता वाजवता, सूर केसभर वर-खाली करता येतो. पेटीबरोबर वाजवणाऱ्याला याचं मोल कळेल. कीबोर्ड आपल्या जागी ठाम असतो, उकाड्याने आपल्या तारा उतरतात, आणि निवेदक बोलत असताना खुंट्यांकडे हात नेला की प्रेक्षकांना दिसतं. इथे कुणाला कळतही नाही.

आता हाताबद्दल, कारण शेवटी ल्युसिल तिथेच आहे. किंग गाताना वाजवत नसत. ओळ गायची, थांबायचं, मग गिटारने उत्तर द्यायचं. आपल्या बैठकीत गायक थांबला की पेटी जशी जागा घेते तसंच. कॉर्डमध्ये, म्हणजे अनेक सूर एकदम वाजवण्यात, आपण कच्चे आहोत हे ते मोकळेपणाने सांगत. त्यांचं सगळं एकेका सुरात होतं. त्यांचे नातलग बुका व्हाइट स्लाइड वाजवायचे, तारेवर धातू सरकवून. तो रडवेला आवाज किंगना हवा होता पण स्लाइड काही जमेना. म्हणून एकच बोट तारेवर रोवून, अंगठा मानेपासून सोडून, अख्खा पंजा फडफडवून ते सूर थरथरवायला लागले. लोक त्याला फुलपाखराचं कंपन म्हणतात. रागसंगीतातलं सुराचं आंदोलन ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं. एका सुरावर थांबायचं, त्याला हलवायचं, संपू द्यायचं, आणि पुढचा सूर गरज असेल तरच घ्यायचा.

ही गिटार त्या हातासाठी घडली आहे. मान फार जाड नाही, तारांची लांबी पावणेपंचवीस इंच, म्हणजे फेंडर या दुसऱ्या कंपनीच्या गिटारींच्या साडेपंचवीसपेक्षा कमी, त्यामुळे तार ओढायला हलकी जाते. मी पहिली तार १० ची, म्हणजे इंचाच्या दहा हजारांश जाडीची, ठेवते. किंगचा सेटही १० पासूनच सुरू व्हायचा, खर्जाच्या तारा मात्र चांगल्या जाड. दुसऱ्या तारेवर, दहाव्या फ्रेटपाशी, पहिल्या बोटाखाली षड्ज धरला की आजूबाजूच्या पाच-सहा सुरांत त्यांचं अर्धं वादन सापडतं. विद्यार्थ्यांना मी हे शिकवते आणि त्या दिवशी मुद्दाम ल्युसिल त्यांच्या हातात देते. एरवी सुरांचा पाऊस पाडणारी मुलं डोक्यावरचं नाव वाचतात, त्यांना गोष्ट माहीत असते, आणि ती कमी सूर वाजवायला लागतात. सांगून जे होत नाही ते नावाने होतं. हे मी वारंवार पाहिलंय, आणि मला वाटतं नाव असलेल्या वाद्याची हीच ताकद आहे. आपण वस्तू वापरत नाही, कुणाशी तरी बोलतोय असं वाटतं, आणि माणूस बोलताना श्वास घेतो, थांबतो.

मुंबईत २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्ल्यूज फेस्टिव्हल होऊ लागला, पहिल्याच वर्षी अमेरिकन ब्ल्यूज गिटारवादक बडी गाय आले होते. तेव्हापासून आपल्या भागात हे संगीत ऐकणारे तरुण वाढले आहेत आणि क्लासला येताना ते हाच प्रश्न घेऊन येतात : ल्युसिल घेऊ का?

तर माझं उत्तर. पहिली गिटार म्हणून नको. नवी घ्यायची तर आपल्याकडे लाखाच्या वर जाते. एवढ्या पैशांत सुरुवात करणाऱ्याला गिटार, अ‍ॅम्प आणि वर्षभराची फी तिन्ही होईल. ज्यांच्याकडे आधी एखादी भरीव अंगाची गिटार आहे, जे गाण्याला साथ करतात, ज्यांना सूर लांबवायला आवडतो, त्यांनी जरूर घ्यावी. सेकंड-हँड मिळाली तर सोनेरी मुलामा उडालाय म्हणून नाक मुरडू नका. आपल्या हवेत आणि घामात कुठल्याही गिटारीचा मुलामा टिकत नाही, मीही वाजवून झालं की सुती फडक्याने पुसून ठेवते, तरी ब्रिजच्या कडा पांढुरक्या झाल्याच. त्याऐवजी व्हेरिटोनचं बटण सहाही जागी फिरवून खरखर येते का ते ऐका, दोन्ही आउटपुटमध्ये वायर घालून बघा, आणि त्या बारीक चक्र्या फिरतात ना ते तपासा. पावसाळ्यात मान थोडी हलते, तेव्हा वर्षातून एकदा जाणकाराकडून सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची नीट, करून घ्यायची तयारी ठेवा.

आणि वजन. ही भारी आहे, साधारण चार किलोच्या घरात. तीन तास उभ्याने वाजवलं की डावा खांदा भरून येतो. रुंद चामडी पट्टा घ्याच, अरुंद नायलॉनचा चालणार नाही. रुंदीमुळे साध्या इलेक्ट्रिक गिटारीच्या पिशवीत ती मावत नाही, या आकाराची कडक केस वेगळी बघावी लागते आणि तिचा खर्च आधीच धरावा. उंचीने लहान असलेल्यांनी, विशेषतः मुलींनी, दुकानात बसून नाही तर पट्टा लावून उभं राहून किमान अर्धा तास वाजवून बघावं. उजवा हात अंगावरून वळून तारांपर्यंत सहज पोचतोय का, ते तेव्हाच कळतं. माझा पोचला, म्हणून मी घेतली.